खरवड्याचा कोपरा

बंदरावर त्यांना सगळे खरवड्या म्हणायचे. हे नाव ठेवणाऱ्याला फारसं डोकं चालवावं लागलं नसणार. बोट ओढून काठावर आणली की तिच्या बुडाला धरलेली शिंपलं, शेवाळ, पांढरी कवचं असं सगळं खरवडून काढायचं आणि बूड रंगाऱ्यासाठी कोरं करून द्यायचं, हेच काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या बुडावरून तळहात फिरवला तर कुठे कण लागायचा नाही. रंगारी म्हणायचे, खरवड्याने केलेल्या बोटीवर ब्रश ठरत नाही, घसरतो. ही तक्रार होती की कौतुक, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ते घरी बसले. त्याच्या दोनच वर्षं आधी घरात सून आली होती, आणि ती किनाऱ्यावरच्या समुद्रजीव केंद्रात कामाला होती. खडकांवर काय काय राहतं ते मोजायचं आणि वहीत लिहायचं, असं तिचं काम. ते ऐकून सासूबाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे एकाने खरवडून फेकायचं आणि दुसरीने तेच मोजून लिहून ठेवायचं. बरं झालं, घरचं काम घरातच राहिलं."

सासरा आणि सून यांचं आपसातलं बोलणं बेताचंच. तो अबोल, ती लाजाळू. पण दोघंही ओल्या बुटांनी घरात शिरायची, दोघांच्याही नखांत वाळू असायची आणि त्यावरून दोघांनाही सारखीच बोलणी बसायची, त्यामुळे न बोलताही एक प्रकारची युती झालेली होती.

बंदराच्या भिंतीपलीकडे काळ्या खडकाचा लांबलचक पट्टा होता. भरतीला तिथे नुसतं पाणी दिसायचं. ओहोटी लागली की खडक एकेक पाठ वर काढायचे आणि मधल्या खळग्यांत पाणी साचून राहायचं. या खळग्यांत राहणाऱ्यांची सुनेला फार कमाल वाटायची. दिवसातून दोनदा घर पाण्याखाली, दोनदा उघड्यावर. उन्हात पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं तापणार, पावसात एकदम गोडं होणार, आणि लाटेचा मार तर रोजचाच. तरी टोपीच्या आकाराचे शंख आपापल्या जागी घट्ट बसलेले, तांबडी समुद्रफुलं पाकळ्या मिटून पाण्याची वाट बघणारी, बोटाएवढे मासे दगडाखाली दबा धरून. आणि खडकावर, कुणीतरी रंगाचा एक पातळ हात मारून ठेवावा तसं, गुलाबी कवच. हे कवच म्हणजेसुद्धा एक शेवाळच. दगडावर दगड होऊन राहणारं, वर्षाला नखभरही न वाढणारं. शंखांची पिल्लं त्याच्यावरच बसतात, त्याच्यावरच मोठी होतात.

तिच्याकडे हातभर लांबीरुंदीची एक चौकट होती, आत दोरे ताणून शंभर घरं केलेली. ती खडकावर ठेवायची आणि कुठल्या घरात काय आहे ते टिपून घ्यायचं. ओहोटीचे जेमतेम अडीच-तीन तास हाताशी मिळायचे. पाणी परत फिरलं की निघायचं, कारण समुद्र कुणासाठी थांबत नाही आणि हिशेब अर्धा राहिला म्हणून तर मुळीच नाही.

अशाच एका सकाळी तिच्या चौकटीत पिवळसर तपकिरी रंगाची एक फांदी आली. बारीक पानं आणि पानांच्या मुळाशी मोहरीएवढे हवेचे फुगे. पाण्यात ती उभी राहून डुलत होती, आणि खरं सांगायचं तर तिला ती आवडली. एक तुकडा तिने केंद्रात नेला. केंद्राच्या प्रमुख बाईंनी तो ट्रेमध्ये पसरला, भिंग लावलं, दोन जाडजूड पुस्तकं उघडली आणि पानं उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आपल्याकडचं नाही."

तेव्हापासून तीन वर्षांत त्या पाहुण्याने घराचा ताबा घेतला. महिन्याभरात वीतभर वाढायचं. फुग्यांच्या जोरावर पाण्याच्या वरच्या अंगाला जाऊन पसरायचं आणि खाली सगळा अंधार करून टाकायचं. त्या अंधारात गुलाबी कवच आधी फिकं पडलं, मग पांढरं झालं. शंखांना बसायला जागा उरली नाही. ज्या खळग्यात सुनेने एकेकाळी एकवीस प्रकारचे जीव मोजले होते, तिथे आता आठ होते. आणि चौकटीतल्या बहुतेक घरांत वहीत एकच खूण करावी लागायची.

बाईंनी सांगितलं, सगळा पट्टा मोजून काढ. सुनेने एका मोसमात दोनशे चौदा ठिकाणी चौकट ठेवली आणि त्याचा नकाशा केला. थोडं शेवाळ तिथे फिका पिवळा, जास्त तिथे नारिंगी, खच्चून भरलेलं तिथे लाल. नकाशा तयार झाला तेव्हा ती त्याच्याकडे बघतच राहिली. सगळ्यात गडद लाल होता तो एक कोपरा. बोटी ओढायच्या उताराच्या डाव्या भिंतीखालचा. तिथून जसजसं लांब जावं तसतसा रंग फिका होत गेलेला.

त्या भिंतीवर काय व्हायचं ते तिला माहीत होतं. नवी नवरी असताना ती सासऱ्यांचा डबा घेऊन तिथे जायची. बोटीखाली उकिडवे बसून ते खरवडायचे, खाली पडलेलं घमेल्यात भरायचे आणि भरलेलं घमेलं भिंतीवरून पलीकडे रिकामं करायचे. लांबलांबच्या बंदरांतून आलेल्या बोटींच्या बुडावरची ओली, जिवंत घाण. समुद्रातून आलेलं समुद्रात गेलं, यात कुणाला काय वावगं वाटणार?

तिने नवऱ्याला नकाशा दाखवला. तो बंदरावर क्रेन चालवायचा, त्याला तो कोपरा लगेच कळला. त्याने कागद तिच्या हातात परत दिला आणि म्हणाला, "बाबांना नको दाखवूस. माणसाने जन्मभर एकच काम केलं, त्याला जाऊन काय सांगायचं?"

गावाच्या सभागृहात लोकांना हे सगळं समजावून सांगायचं ठरलं होतं आणि बोलायचं सुनेनेच होतं. पडद्यावर दाखवायच्या नकाशात तिने त्या कोपऱ्याचे आकडे शेजारच्या लांब पट्ट्यात मिसळून टाकले आणि सगळ्यांची सरासरी काढली. लालचं नारिंगी झालं. खोटं काही लिहिलेलं नव्हतं. तरी दोन दिवस तिला नीट जेवण गेलं नाही.

दुपारची सभा होती. सभागृहात कोळी, बोटवाले, शाळेचे शिक्षक, बोटी दुरुस्त करायच्या आवारातला मुकादम असे साठ-सत्तर लोक. ती बोलायला उभी राहिली तेव्हा तिला दिसलं की मागच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, सासरे येऊन बसले आहेत. घरी त्यांनी येणार म्हणून सांगितलं नव्हतं. पहिलं वाक्य तिने दोनदा सुरू केलं, पण मग ती सावरली आणि अर्धा तास चांगली बोलली. बोलणं संपल्यावर बाईंनी विचारलं, कुणाला काही शंका? दोघातिघांनी काहीबाही विचारलं. मग मागून सासरे उठले. उठायला त्यांना नेहमीप्रमाणे वेळ लागला, आणि तेवढ्यात सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

"नकाशातल्या त्या कोपऱ्याचा रंग चुकलाय," ते म्हणाले.

कुठला कोपरा, असं बाईंनी विचारलं.

"बोटी ओढायच्या उताराच्या डाव्या हाताचा. तिथे सगळ्यात दाट आहे. मी जाता-येता बघतो. तुम्ही तो बाजूच्यासारखाच दाखवलाय. तो लाल पाहिजे."

बाईंनी सुनेकडे बघितलं. सुनेने खाली बघत सांगितलं की तिथली सरासरी काढली आहे.

"सरासरी कशाला?" सासऱ्यांच्या आवाजात राग नव्हता. "एकतीस वर्षं मी बोटींची घाण त्या भिंतीवरून खाली टाकलीय. हे शेवाळ त्यातूनच आलं असणार. कोपरा लाल करा, म्हणजे लोकांना नीट कळेल."

बाईंनी त्यांना समजुतीच्या सुरात सांगितलं की असं शेवाळ जहाजाच्या पोटात भरलेल्या पाण्यातून येतं, दोरांना गुंडाळून येतं, कधी आपलंआपण तरंगत येतं. तेव्हा कुणालाच हे ठाऊक नव्हतं. अमुक एकामुळेच आलं असं खात्रीने म्हणता येत नाही, फार तर कदाचित म्हणता येईल.

"आलं असेल कदाचित," ते म्हणाले. "पण टाकलं मी. त्यात कदाचित नाही."

आणि ते खाली बसले.

घरी जाताना दोघं बरोबर चालत होती. बाजाराचा कोपरा आला. मग तिने सांगून टाकलं, बाबा, माझं चुकलं. ते चालता चालता म्हणाले, "गणित तुला येतं. माझ्यासाठी तू ते चुकवलंस. पुन्हा चुकवू नकोस." आणखी दहा पावलं गेल्यावर म्हणाले, "बाकी बोललीस छान. मागच्या रांगेत सगळं ऐकू येत होतं."

त्या सभेनंतर मुकादम सगळीकडे सांगत सुटला की खरवड्याची साठी बुद्धी नाठी झाली आहे. त्याचं दुखणं वेगळं होतं. आवाराकडे बोट दाखवलं गेलं की उद्या नियम येणार, परवा तपासणी येणार. बंदरावरच्या जुन्या सोबत्यांपैकी काहींनी बोलणं कमी केलं. सासऱ्यांनी ते मनाला लावून घेतलं की नाही हे सुनेला कळलं नाही. त्यांनी फक्त एक केलं. रोज ओहोटीला काठी टेकत त्या कोपऱ्यावर जायचे आणि खळग्याच्या काठावर बसून आत बघायचे. सासूबाईंना वाटलं, नवरा झुरणीला लागला. सुनेलाही तेच वाटलं. नंतर कळलं, ते शेवाळाचा अभ्यास करत होते.

मधल्या काळात गावाला उत्साह आला. एका सुट्टीच्या दिवशी दीडशे माणसं खडकावर उतरली. हातमोजे, पोती, फोटो, लाउडस्पीकर. सुनेनेच पुढाकार घेतला होता. मुठीमुठीने शेवाळ उपटलं गेलं, एकशे दहा पोती भरली, आणि संध्याकाळी खडक भादरल्यासारखे स्वच्छ दिसायला लागले. सासरे दिवसभर पायऱ्यांवर उभे होते. घरी आल्यावर ती खुशीत होती, आणि त्यांनी चहाचा कप खाली ठेवून सांगितलं की आता शेवाळ आणखी पसरणार.

तिला वाईट वाटलं, थोडा रागही आला. इतकी माणसं राबली, आणि घरात पहिला शब्द हा. पण सहा आठवड्यांनी ती चौकट घेऊन गेली तेव्हा उपटलेल्या प्रत्येक जागी एकाच्या ठिकाणी तीन-तीन कोंब आले होते. आणि पट्ट्याच्या पार टोकाला, जिथे आजवर काहीच नव्हतं, तिथल्या खळग्यांत नवी रोपं धरली होती. उपटताना तुटलेले तुकडे फुग्यांवर तरंगत तिथवर पोचले होते.

त्या दिवशी तिने घरी येऊन वही सासऱ्यांपुढे ठेवली आणि विचारलं की तुम्हाला कसं कळलं.

ते म्हणाले, त्यात कळायचं काय आहे? बोटीच्या बुडाला जे धरतं ते सगळं एका नियमाने वागतं. वरून ओढलं की वरचं हातात येतं आणि तळ तिथेच राहतो. या शेवाळाला मूळ नाही, शर्टाच्या बटणाएवढी एक चकती आहे आणि तिनेच ते खडकाला धरून बसतं. चकती राहिली की सगळं परत उगवतं. ती निघते, पण हाताने नाही. मग ते कोनाड्यातून पत्र्याची एक पेटी काढून घेऊन आले. पेटीत, रंगाआधी भेगांत लांबी भरायची पातळ पोलादी पट्टी होती. त्यांनी तिचं टोक दोन दिवस दगडावर घासून घासून गोल केलेलं होतं. टोकदार ठेवलं तर खालचं गुलाबी कवच उचकटेल, म्हणून.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्यांनी तिला दाखवलं. आधी खळग्याच्या तोंडाशी, पाणी वाहून जातं तिथे, जाळीचा पडदा आडवा लावला. मग डाव्या हाताने शेवाळाचा झुबका गोळा करून अलगद ओल्या पिशवीत शिरवला, म्हणजे एक पानही बाहेर जाणार नाही. मग उजव्या हाताने पट्टी खडकाला आडवी टेकवली, चकतीच्या कडेखाली सरकवली आणि मनगटाला जरासा पीळ दिला. कट् असा बारीक आवाज झाला आणि अख्खं झाड, चकतीसकट, पिशवीत आलं. खालचा खडक तसाच्या तसा. चकतीच्या शेजारी नखाएवढं एक शंखाचं पिल्लू बसलं होतं, ते हललंसुद्धा नाही.

सुनेने आजवर केंद्रातली उपकरणं बघितली होती, परदेशी पाहुणे बघितले होते. पण असा हात तिने बघितला नव्हता. त्या पिळात जोर किती असावा हे कुठल्याच पुस्तकातून शिकता आलं नसतं. तिने स्वतः करून बघितलं तेव्हा पहिल्या सात झाडांच्या चकत्या खडकावरच राहिल्या, आणि आठव्याबरोबर खडकाचा टवका निघाला. त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवून कोन बदलून दिला.

जाळीचा पडदा सासूबाईंच्या खोलीतला होता, हे त्यांना चौथ्या दिवशी कळलं. त्या म्हणाल्या, "आता खडकाला पडदेच लावा. मग सोफाही नेऊन ठेवा." आणि दुसराही पडदा काढून दिला.

बाईंना हे दाखवलं तेव्हा त्या खुश झाल्या, पण त्यांना पुरावा हवा होता. म्हणून सुनेने सारख्याच दिसणाऱ्या बारा जागा निवडल्या. चार जागी बाबांच्या पद्धतीने काढायचं, चार जागी हाताने उपटायचं, आणि चार जागी काहीच करायचं नाही. सासऱ्यांना पहिल्या दोन गोष्टी पटल्या. तिसरीवर ते अडले.

"या चार जागांनी काय पाप केलंय? डोळ्यांदेखत मरू द्यायच्या?"

तिने समजावलं. काहीच केलं नसतं तर काय झालं असतं, हे कुठेतरी दिसायला हवं. नाहीतर उद्या कुणीही म्हणेल की शेवाळ आपलंआपणच कमी झालं, म्हाताऱ्याने काही केलं नाही.

त्यांनी विचार केला आणि मान्य केलं. पण मान्य करणं वेगळं आणि सोसणं वेगळं. एकदा ती लांबून येत असताना तिने त्यांना अशाच एका सोडलेल्या खळग्याजवळ बसलेलं पाहिलं. आत शेवाळ माजलं होतं. आणि ते दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून, नुसते बघत बसले होते. ती तिथेच दगडाआड थांबली. त्यांचं बघून झाल्यावर मगच पुढे गेली.

काम फार सावकाश व्हायचं. सासरे टायरचा एक तुकडा गुडघ्यांखाली घ्यायचे आणि एका जागेला दोन-दोन ओहोट्या लागायच्या. बाईंनी एकदा हिशेब करून सांगितलं की या वेगाने सगळा पट्टा स्वच्छ करायला चाळीस वर्षं लागतील. सासरे म्हणाले, बोटीसुद्धा काही मी एका दिवसात संपवल्या नव्हत्या. बाई हसल्या, पण त्या संध्याकाळी त्यांनी आणि सुनेने बसून नकाशातले सात खळगे निवडले, जिथे अजून सगळ्यात जास्त प्रकारचे जीव शिल्लक होते. सगळं वाचत नसेल तर हे सात तरी वाचवायचे असं ठरलं.

इकडे सासऱ्यांच्या मनात आवार होतं. खालून काढत राहायचं आणि वरून पडत राहायचं, हे त्यांना फुटक्या घागरीत पाणी भरल्यासारखं वाटत होतं. ते मुकादमाकडे गेले आणि म्हणाले, बोटीखाली ताडपत्री अंथरा, खरवडलेलं पिंपात भरा, उन्हात वाळवा आणि जमिनीत पुरा. मुकादम म्हणाला, तुम्ही एकतीस वर्षं केलंत का हे? ते म्हणाले, नाही केलं, म्हणून तर सांगतोय. मुकादमाने मान फिरवली.

मग ते रोज सकाळी बोट वर ओढायच्या वेळेला आवारात जाऊन उभे राहायला लागले. कुणाशी काही बोलायचे नाहीत. घरून आणलेली ताडपत्री बोटीखाली अंथरायची, काम संपेपर्यंत थांबायचं, पडलेलं गोळा करून पिंपात भरायचं आणि ताडपत्री घडी करून घरी. आवारात एक वहिनी आणि तिचा दीर खरवडायच्या कामाला होते. पंधरा दिवस त्यांनी हा प्रकार बघितला. सोळाव्या दिवशी वहिनीने येऊन ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं. तिसऱ्या महिन्यात मुकादमाने स्वतःहून नवी कोरी ताडपत्री आणून टाकली. कारण विचारलं तर म्हणाला, ती फाटकी ताडपत्री बघवत नव्हती, आवाराची शोभा जात होती.

वर्ष सरलं तेव्हा बारा जागांची शेवटची मोजणी झाली. त्या दिवशी बाई स्वतः खडकावर आल्या होत्या. सोडलेल्या चार जागांमध्ये शंभरातल्या पंच्याऐंशी घरांत तेच शेवाळ होतं. उपटलेल्या जागांमध्ये अठ्ठ्याहत्तर. सासऱ्यांच्या चार जागांमध्ये सहा. पण बाई खाली वाकल्या त्या दुसऱ्याच गोष्टीसाठी. पांढऱ्या पडलेल्या कवचाच्या कडेने गुलाबी रंग परत सरकायला लागला होता. जेमतेम नखाच्या टोकाएवढा. आणि त्या नव्या गुलाबी कडेवर तांदळाच्या कणीएवढी शंखांची पिल्लं ओळीने बसली होती. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. म्हणाल्या, बावीस वर्षं मी हे काम करतेय, गेलेलं असं परत येताना पहिल्यांदा बघतेय. सासरे जवळच टायरवर बसले होते. त्यांनी विचारलं, सहा घरं कुठली राहिली तेवढं दाखवा.

त्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन करायलाच लावलं. दीड-दोन महिने घर सोडायचं नाही असा हुकूम झाला, आणि हुकूम पाळला जातोय की नाही हे बघायला सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसायला लागल्या. नेमकी त्याच दिवसांत तीन दिवसांची मोठी ओहोटी होती. सात खळग्यांची सफाई हुकणार म्हणून सुनेला काळजी लागली. तेवढ्यात तिला एकटीला दोन खळगे व्हायचे, तीन झाले तर डोक्यावरून पाणी. ती सकाळी चौकट आणि पिशव्या घेऊन खडकावर उतरली तर समोर वहिनी आणि दीर आधीच हजर होते. जाळी लावून झाली होती. हातात सासऱ्यांचं बघून घासलेल्या, तशाच गोल टोकाच्या पट्ट्या. आवार सुटी घेऊन बसलंय का, असं तिने विचारलं. वहिनी म्हणाली की मुकादमाला सांगून आलोय, तो म्हणाला जा, पण दुपारच्या आत या.

त्या तीन दिवसांत सातही खळगे झाले. सुनेने घरी येऊन सासऱ्यांना सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, ऐकून त्यांचा चेहरा उजळेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, काढलेलं सगळं घेऊन ये.

सगळं म्हणजे सगळं? हो, म्हणाले, फेकलं नसशील तर.

केंद्राच्या मागच्या अंगणात पिशव्या होत्याच. ती आणि नवरा मिळून दोन बादल्यांत त्या भरून घेऊन आली. सासऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरायला लावली. सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला, खिडक्या उघडल्या आणि आपण माहेरी जात असल्याचं जाहीर केलं, पण गेल्या नाहीत, बाजूला बसून बघत राहिल्या. मग पाय स्टुलावर पसरून, चष्मा नाकावर ओढून, सासऱ्यांनी एकेक झाड उचललं, उलटं केलं, तळ बघितला आणि बाजूला ठेवलं. चकती असलेली डावीकडे, नसलेली उजवीकडे, आपापल्या पिशवीवर. सूनही हात लावायला बसली. नवरा मोजायला. चहा दोनदा झाला.

दोनशे सहा झाडं निघाली. उजवीकडे अकरा.

"अकरा चकत्या खडकावरच राहिल्यात," सासरे म्हणाले.

नवरा म्हणाला, बाबा, दोनशेत अकरा म्हणजे फार झालं का? नवीन माणसं आहेत.

"बोटीचं बूड असं करून दिलं असतं तर रंगाऱ्याने उभं केलं नसतं मला. माणसं चांगली आहेत, हात बसायचाय." मग ते सुनेकडे वळले. "कुठल्या पिशवीतली आहेत बघ. पिशवीवर खळग्याचा नंबर असेल ना?"

नंबर होता. अकरापैकी आठ चौथ्या खळग्यातली निघाली, जिथे खडक भेगाळलेला होता आणि पट्टी आडवी टेकत नव्हती. सून ते सगळं वहीत लिहून घेत गेली. लिहिताना तिच्या लक्षात आलं की केंद्रात आजवर सगळ्यांनी खडकावर काय राहिलं तेच मोजलं होतं. हातात काय आलं ते उलटं करून बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं, बाईंनासुद्धा नाही. तिने वर बघितलं. म्हातारा रिकामी बादली जवळ ओढून, तळाशी एखादं झाड चिकटलंय का ते चाचपत होता.

दुसऱ्या दिवशी तिने वहिनीला आणि दिराला हे सांगितलं. वहिनीने कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघितलं, म्हणाली, "घरबसल्या मोजल्या? त्या गुडघ्याने?" मग हसली आणि दिराला पट्टी आणायला पाठवलं. चौथ्या खळग्यापाशी तिघंही पालथी पडून भेगांत बघत राहिली. पाणी परत फिरेपर्यंत सगळ्या खळग्यांतून मिळून नऊ चकत्या सापडल्या.

संध्याकाळी सासऱ्यांनी नऊ चकत्या तळहातावर घेतल्या, बोटाने एकेक पलटली आणि कागदात बांधून ठेवल्या. भेगेसाठी निम्म्या रुंदीची पट्टी लागेल, म्हणाले, आणि मुलाला पेटीतून कानस काढून द्यायला सांगितलं.

"आणि दोन?" त्यांनी विचारलं.

उद्याची ओहोटी चांगली आहे, सून म्हणाली, आणि वहिनी येतेय.